सेवालाल महाराज व बंजारा वीरस्मृती

सेवालाल महाराज : (१५ फेब्रुवारी १७३९ – ४ डिसेंबर १८०६). बंजारा समाजाचे संत, तांड्याचे नायक व लोकदैवत. समाजात ते ‘सेवाभाया’ ह्या नावाने अधिक परिचित आहेत. त्यांची समाधी वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे असून बंजाऱ्यांचे ते प्रमुख तीर्थस्थान होय. वरील तारखा समाजपरंपरेने स्वीकारलेल्या आहेत व शासकीय पातळीवरही १५ फेब्रुवारी हाच जयंतीचा दिवस पाळला जातो. सेवालाल हे राजे नव्हते. त्यांच्या नावावर किल्ला नाही, नाणे नाही, सनद नाही. तरीही एखाद्या पुराणप्रसिद्ध योद्ध्या राजाच्या वाट्याला यावी तशी दीर्घ व व्यापक लोकप्रियता त्यांना लाभली आहे. राज्य नसलेल्या, गाव नसलेल्या आणि लिपीही नसलेल्या समाजाने आपला वीर दोन शतके कसा जतन केला, हा ह्या लोकप्रियतेच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

परंपरेनुसार सेवालालांचा जन्म आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात, गुत्तीनजीकच्या सेवागड येथे झाला. कर्नाटकातील बंजारे हा मान सूरगोंडनकोप्प ह्या स्थळास देतात व तेथेही फेब्रुवारीत मोठी यात्रा भरते. त्यांच्या वडिलांचे नाव भीमा नाईक व आईचे धरमणी. राठोड कुळातील हे घराणे लदेणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून तो दूरदेशी नेण्याचा, व्यवसाय करणारे होते. सेवालालांचे बालपण गुरे राखण्यात गेले. चिखलमातीचा शिरा करून त्यांनी सवंगड्यांना खाऊ घातला, यांसारख्या त्यांच्या बाललीला आजही तांड्यांत सांगितल्या जातात. आख्यायिकांचा मध्यवर्ती विषय मात्र त्यांचा व देवीचा संघर्ष हा आहे. जगदंबा किंवा मरियामा ही देवी त्यांच्याकडे सेवा मागते. ते नकार देतात. त्यामुळे तांड्यावर एकामागून एक संकटे कोसळतात आणि अखेरीस सेवालाल देवीचे भक्तपण पत्करतात. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले, असे सर्व कथा एकमुखाने सांगतात. देवीची गादी पाठीवर वाहणारा गरासिया नावाचा बैल आणि सेवालालांचा तोळाराम नावाचा घोडा यांनाही ह्या कथांत जवळजवळ स्वतंत्र व्यक्तिमत्त्व लाभले आहे. बैल देवीचा आणि घोडा नायकाचा, ही वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. लदेणीच्या तांड्यात उपजीविका बैलावर चाले. घोडा पुढाऱ्याचा, वाट शोधणाऱ्याचा व प्रसंगी लढणाऱ्याचा.

ह्या कथांचा अर्थ कळण्यासाठी त्यांमागील व्यवसाय समजून घेणे आवश्यक आहे. बंजारा, लमाण, लंबाडा, सुगाळी अशा अनेक नावांनी ओळखला जाणारा हा समाज स्वतःस ‘गोर’ म्हणवितो आणि परक्यास ‘कोर’. ‘लमाण’ ह्या नावाचा संबंध ‘लवण’ म्हणजे मीठ ह्या शब्दाशी जोडला जातो. किनाऱ्यावरील मीठ देशावर व देशावरील धान्य किनाऱ्याकडे, अशी त्यांची ये-जा शतकानुशतके चालू होती. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६३२ मध्ये चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याचे नमूद केले आहे, तर फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्न्ये दहाबारा हजार बैलांच्या तांड्यांविषयी लिहितो आणि वाट अडल्यामुळे प्रवाशास दोनदोन, तीनतीन दिवस थांबावे लागे, अशी तक्रारही करतो. अशा तांड्याची व्यवस्था लावणे ही लहान गोष्ट नव्हती. चराई कोठे मिळेल, पाणी कोठे आहे, कोणत्या जहागीरदारास किती जकात द्यावयाची, लुटारूंशी लढावयाचे की सलोखा करावयाचा, हे सर्व निर्णय नायक घेई. त्याच्या मदतीस कारभारी असे. तंटे सोडविण्यासाठी ‘नसाब’ म्हणजे जातपंचायत बसे. म्हणजे राजाची बहुतेक कामे नायकाकडे होती; त्याच्याकडे नव्हती ती फक्त जमीन.

सेवालालांचा परंपरागत जीवनकाल, १७३९ ते १८०६, हा दख्खनच्या इतिहासातील अत्यंत अस्वस्थ कालखंड आहे. मराठे, निजाम, हैदर व टिपू आणि इंग्रज यांची सैन्ये ह्या काळात सतत फिरतीवर होती आणि प्रत्येक सैन्याचे पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या १७९१–९२ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत उपासमारीच्या बेतात आलेल्या फौजेस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी धान्य पुरविले. आर्थर वेलस्ली याच्या १८०३ च्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ हा शब्द वारंवार येतो. त्याच वर्षी असई (२३ सप्टेंबर), वऱ्हाडातील आडगाव (२९ नोव्हेंबर) आणि गाविलगड (१५ डिसेंबर) येथे मराठ्यांचा पराभव झाला. ह्या युद्धांच्या वर्णनांत तोफांची संख्या असते, पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे असतात. धान्य कोणी आणले त्या नायकांची नावे क्वचितच असतात. इतिहासलेखनाची ही जुनी सवय आहे. बंजाऱ्यांच्या वीरकथा ह्या रिकाम्या जागेत वाढल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे भंगी व जंगी ह्या दोन नायकांची कथा. वऱ्हाड पोलिसांतील अधिकारी कंबरलेज यांनी एकोणिसाव्या शतकात ती तेथील बंजाऱ्यांकडून नोंदवून घेतली. शाहजहानचा वजीर आसफखान १६३० च्या सुमारास दख्खनवर चालून आला, तेव्हा भंगी व जंगी यांचे एक लक्ष ऐंशी हजार बैल आणि भगवानदास वडत्या याचे बावन्न हजार बैल त्याच्या दिमतीस होते, असे ती कथा सांगते. मोबदल्यात वजिराने सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला. त्यानुसार अन्यत्र पाणी न मिळाल्यास घरातील रांजणाचे पाणी घेण्याची आणि गवत न मिळाल्यास छपराचे गवत काढण्याची मुभा तांड्यास मिळाली. शिवाय दिवसाकाठी तीन खून माफ झाले. आकडे फुगविलेले असतील. परंतु ताम्रपटातील मागण्या पाहाव्यात. एखाद्या राजवंशाच्या दंतकथेत नायकास अर्धे राज्य मिळाले असते. येथे मिळते ते पाणी, गवत आणि अभय. बैल घेऊन फिरणाऱ्या माणसाला राज्याकडून नेमके काय हवे होते, हे ह्या कथेइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच आढळेल.

स्थिर समाज आपल्या वीराची आठवण दगडात ठेवतो. महाराष्ट्रात गावोगाव आढळणारे वीरगळ ह्याची साक्ष देतात : गाईंच्या रक्षणासाठी किंवा गावासाठी लढताना पडलेल्या योद्ध्याचे चित्र खालच्या चौकटीत, स्वर्गारोहण वरच्या चौकटीत. गाव हलत नाही, म्हणून दगड उभा राहतो. रोज मुक्काम बदलणाऱ्या तांड्याला ही सोय नव्हती. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९१६) मिठू भुकिया ह्या बंजारा वीराची माहिती आली आहे. ग्रंथकारांनी त्याची संभावना जुना लुटारू अशी केली असली, तरी त्याच्या उपासनेचे त्यांनी दिलेले वर्णन मोलाचे आहे. तांडा जेथे उतरेल तेथे मिठू भुकियासाठी एक झोपडी राखून ठेवीत. तिच्यात कोणी राहत नसे व तिच्यापुढे पांढरे निशाण लावलेले असे. तांडा उठला की झोपडीही उठे. चालत्या समाजाचे हे चालते देऊळ होते आणि वीरगळाचे काम ती रिकामी झोपडी करीत असे.

पोहरादेवीचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. येथे वीराची समाधी एका जागी स्थिर झाली. तिचा आढळणारा जुना इंग्रजी उल्लेख कर्नल मॅकेंझी यांचा असून रसेल व हिरालाल यांनी तो उद्धृत केला आहे. त्यात सेवालालांचे नाव ‘शिवा राठोड’ असे येते. मरीमाता, म्हणजे महामारीची देवी, ह्या देखण्या तरुणावर अनुरक्त झाली. त्याचे मन आधीच दुसरीकडे जडले असल्याने त्याने तिला नाकारले. तेव्हा त्याची वधू आजारी पडून मरण पावली व त्याची सारी मालमत्ता नष्ट झाली. शेवटी तो देवीस शरण गेला. देवीच्या कृपेने त्याची भरभराट झाली आणि स्वतः विवाह न करता तो सर्व स्त्रियांचा थोरला भाऊ, ‘भाया’, म्हणून पूज्य ठरला. उतारवयात देवीने लहरीने त्यास विवाहाची आज्ञा केली. ती त्याने मोडली, म्हणून त्याला मृत्यू आला व वऱ्हाडातील ‘पोहूर’ येथे त्याचे दफन झाले. त्यावर देऊळ उभे राहिले, त्याचे भाऊबंद तेथील पुजारी झाले आणि नवस फेडण्यासाठी लोकांची रीघ लागली, असा हा वृत्तांत आहे.

मॅकेंझी हा सारा प्रसंग ‘आपल्या काळातील’ म्हणतो व १८७४ हे वर्ष देतो. समाजपरंपरेचा मृत्युदिन त्याच्या अडुसष्ट वर्षे आधीचा आहे. एवढ्यावरून एक बाजू खोटी व दुसरी खरी ठरविण्याचे कारण नाही. सेवाभायाला पाहिलेल्या आजोबांचे बोलणे ऐकलेली माणसे १८७४ मध्ये तांड्यांत असणे स्वाभाविक होते, आणि तोंडी सांगितलेली गोष्ट परक्या अधिकाऱ्यास कालची वाटावी, हे तर नेहमीचेच आहे. दोन्ही वृत्तांतांत स्थळ एकच आहे, देवीशी झालेला संघर्ष एकच आहे व ब्रह्मचर्यही एकच आहे. फरक पडतो तो सुरात. इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती ती एका लहरी देवतेच्या प्रेमाची कथा होते. तांड्यात तिचा आशय वेगळा आहे. पटकी आणि देवी ह्या साथींनी तांडेच्या तांडे ओस पडण्याच्या काळात एक माणूस त्या महामारीच्या देवतेपुढे उभा राहतो, पुष्कळ काही गमावतो आणि शेवटी तिलाच आपल्या लोकांची रक्षणकर्ती करून घेतो. तलवारीच्या लढाईपेक्षा ही लढाई बंजाऱ्यांच्या अनुभवाला अधिक जवळची होती. चराई व जकात यांवरून सत्ताधीशांशी झालेल्या चकमकींच्या कथाही सेवालालांभोवती आहेतच. पण त्यांच्या वीरत्वाचा गाभा देवीशी झालेल्या झगड्यात आहे.

त्याच ग्रंथात शपथेसंबंधी आलेली माहिती तर विशेष लक्षणीय आहे. उजवा हात आपल्या मुलाच्या उघड्या मस्तकावर ठेवून व डाव्या हाताने गाईचे शेपूट धरून सेवाभायाच्या नावाने शपथ घेतलेला बंजारा खोटे बोलण्यास धजत नाही, असे तेथे म्हटले आहे. लेखी करार नसलेल्या व्यापारात शब्द हेच भांडवल असते. उधारीवर घेतलेले धान्य शेकडो कोसांवर पोचविणाऱ्याचा शब्द खोटा ठरला, तर व्यवसायच बुडाला. सेवालालांचे नाव असे तांड्याच्या रोजच्या व्यवहारात मुरले होते. देवळात वर्षातून एकदा घ्यावयाचे ते नाव नव्हते. त्यांच्या लोकप्रियतेचे हे एक कारण कथांतील चमत्कारांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मॅकेंझीच्या नोंदीचे वर्ष आणखी एका दृष्टीने महत्त्वाचे आहे. मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि १८६७ मध्ये भुसावळ–बडनेरामार्गे नागपूरपर्यंत गाडी पोचली. खामगावचा फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला. त्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत पाऊस लागला तर तो भिजे, धुळीने मळे व वजनही वाढे; पण वाहतूक बंजाऱ्यांची होती. आगगाडीने हा व्यवसाय एका पिढीत मोडून काढला. पाठोपाठ १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. कालपर्यंत ज्यांच्या धान्यावर इंग्रज फौजा लढल्या, त्यांच्या भटकेपणावरच आता संशय घेतला जाऊ लागला व पुढे बंजाऱ्यांच्या अनेक गटांना ह्या कायद्याचा जाच झाला. बैल विकले गेले. तांडे गावाबाहेरच्या माळावर किंवा डोंगराच्या कुशीत कायमचे थांबले. नायकाचे पद राहिले, पण वाट शोधण्याचे त्याचे काम संपले. पोहऱ्याच्या समाधीकडे लोकांची रीघ लागल्याची नोंद ह्याच वर्षांतील आहे. चालणे थांबलेल्या समाजाला एकत्र येण्यासाठी एका स्थिर जागेची गरज भासली आणि ती वीराच्या समाधीने पुरविली. मिठू भुकियाचे नाव आजही घेतले जाते. परंतु त्याची झोपडी तांड्याच्या मुक्कामाशी बांधलेली होती. मुक्काम संपले आणि समाधी राहिली.

वीराच्या अवशेषांभोवती समाज एकत्र येण्याची अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात इतरत्रही आहेत. त्यांपैकी थीसिअस ह्या ग्रीक पुराणकथेतील योद्ध्या राजाचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. क्रीटच्या चक्रव्यूहातील मिनोटॉर ह्या नरवृषभाचा वध करणारा आणि ॲटिकातील विखुरलेल्या वस्त्या एकत्र करून अथेन्सचे नगरराज्य उभारणारा राजा म्हणून त्याची ख्याती आहे. प्लूटार्कने लिहिलेल्या त्याच्या चरित्रानुसार अखेरीस अथेन्सकरांनीच त्याला दूर केले व स्कीरोस बेटावर कड्यावरून ढकलला जाऊन तो मेला. दीर्घकाळ त्याची कोणी फारशी आठवण काढली नाही. पुढे इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर तो सशस्त्र उभा राहून इराण्यांवर तुटून पडताना सैनिकांना दिसला, अशी वदंता पसरली. त्यानंतर सु. इ. स. पू. ४७५ मध्ये किमोन ह्या सेनापतीने स्कीरोस जिंकून तेथील एका थडग्यातील धिप्पाड सांगाडा, शेजारी सापडलेला भाला व तलवार यांसह, थाटामाटाने अथेन्सला आणला. तेथे उभारलेले त्याचे स्थान गुलामांचे व बलिष्ठांना भिणाऱ्या दुबळ्यांचे आश्रयस्थान बनले. कारण थीसिअस हा हयातीत दीनांचा कैवारी होता, असे प्लूटार्क सांगतो. पुढे रोमन कवी, चौदाव्या शतकातील चॉसर, ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ लिहिणारा शेक्सपिअर आणि १९५८ मध्ये ‘द किंग मस्ट डाय’ ही कादंबरी प्रसिद्ध करणारी मेरी रेनॉल्ट ह्या सर्वांना ह्या राजाने विषय पुरविला.

दोहोंतील साम्य उघड आहे : महासंकटात धावून येणारा वीर, त्याच्या अस्थींचे स्थान, तेथे दुबळ्यांना मिळणारा आधार. परंतु भेद अधिक बोधप्रद आहे. थीसिअसच्या स्मृतीमागे एक समर्थ नगरराज्य होते. इराण्यांवरील विजयानंतर अथेन्सला आपल्या वर्चस्वाला शोभेल असा पूर्वज हवा होता आणि किमोनला स्वतःचे राजकीय वजन वाढवावयाचे होते. राज्याने वीराला शोधून आणले, मग शिल्पकार, नाटककार व कवी कामाला लागले. सेवालालांच्या बाबतीत राज्य पाठीशी नव्हते, उलट ते बराच काळ विरोधात होते. त्यांच्या कथेला ताम्रपट, शिलालेख, बखर यांपैकी काहीही मिळाले नाही. थीसिअसने वस्त्या मोडून नगर केले. सेवालालांचे लोक नगराबाहेरच राहिले. तरीही आंध्र, तेलंगण, कर्नाटक व महाराष्ट्र एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात एकाच वीराची कथा ओळखीच्या रूपात टिकली. लोकप्रियता ही सत्तेची छाया असते, असा जो एक समज आहे, त्याला हा पुरावा छेद देतो.

ही कथा टिकविण्याचे काम प्रामुख्याने तांड्यातील विधींनी व गायकांनी केले. बंजारा बोलीला स्वतःची लिपी नाही. ढाडी व भाट ह्या परंपरागत गायकांकडे वंशावळी व वीरकथा असत. भगतांच्या भजनांत आणि होळीच्या लेंगी गीतांत सेवाभायाचे नाव येते. तिजेच्या उत्सवात व लग्नाच्या विधींत स्त्रिया आपल्या गीतांतून ते घेतात. प्रत्येक तांड्यात देवी व सेवालाल यांची स्थाने असतात व त्यांपुढे पांढरे निशाण फडकत असते. सणाच्या व नवसाच्या प्रसंगी होणारा ‘भोग’ हा मुख्य विधी होय. निखाऱ्यांवर तूप व गोड नैवेद्य अर्पण केला जातो, नंगारा वाजतो आणि सारा तांडा उभा राहून ‘अरदास’ म्हणजे प्रार्थना करतो. तीत आपल्या लेकराबाळांबरोबर गुराढोरांचे, किडामुंगीचे व साऱ्या जगाचेही कल्याण मागितले जाते. ह्या विधीला ब्राह्मण पुरोहित लागत नाही, पोथी लागत नाही. त्यामुळे तो कोठेही व केव्हाही करता येतो. भेट झाली म्हणजे ‘जय सेवालाल’ म्हणण्याचा प्रघात आहे. पुण्यामुंबईच्या बांधकामांवर किंवा साखर कारखान्याच्या तळावर दोन अनोळखी माणसांना एकमेकांची जात विचारावी लागत नाही, ती ह्या अभिवादनातून कळते.

सेवालालांच्या नावावर अनेक वचने सांगितली जातात. चोरी करू नये, खोटे बोलू नये, नशा करू नये, स्त्रीचा मान राखावा, जंगल व पाणी सांभाळावे, असा त्यांचा आशय आहे. काही वचने भविष्यकथनाच्या स्वरूपाची आहेत. एक काळ असा येईल की वाटीभर पाण्याला रुपया मोजावा लागेल, हे त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध. बाटलीबंद पाण्याच्या जमान्यात श्रोत्यांना ते खरे ठरल्याचे वाटते. मौखिक परंपरेत वचने वाढत जातात, हे येथेही गृहीत धरले पाहिजे. मात्र रांजणातील पाण्याचा हक्क ताम्रपटावर लिहून घेणाऱ्या पूर्वजांच्या वंशजांनी आपल्या संताच्या तोंडी पाण्याचेच भविष्य घालावे, यात सातत्य आहे.

ह्या उपासनेत अंतर्विरोधही आहेत व ते झाकण्याचे कारण नाही. सेवालालांचा नैवेद्य गोड असतो. देवीला मात्र बोकड कापण्याची रूढी आहे. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत ही रूढी मोठ्या प्रमाणावर पाळली जात असे व समाजातील सुधारकांनी, तसेच बाहेरच्या कार्यकर्त्यांनी, तिच्याविरुद्ध सातत्याने प्रचार केला. सुधारकांनी आधार घेतला तो सेवालालांच्याच शाकाहाराचा. रूढी पाळणाऱ्यांनी देवीची जुनी मागणी पुढे केली. म्हणजे कथेतील देवी आणि नायक यांचा झगडा यात्रेच्या मैदानावर पुन्हा उभा राहिला. व्यसनमुक्तीच्या बाबतीतही असेच घडले. मोहाच्या दारूने पोखरलेल्या तांड्यांतील स्त्रियांना सेवालालांचे वचन हे उपयोगी शस्त्र ठरले.

विसाव्या शतकात ह्या स्मृतीला सार्वजनिक जीवनाचे नवे क्षेत्र लाभले. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोहरादेवीपासून फार दूर नसलेल्या पुसद तालुक्यातील गहुली ह्या तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक (१९१३–७९) हे ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ एवढा प्रदीर्घ काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक यांनीही १९९१ ते १९९३ ह्या काळात ते पद भूषविले. तांड्याच्या पुढाऱ्याचे पदनाम येथे आडनाव होऊन मंत्रालयात पोचले. तथापि समाजाची कायदेशीर ओळख राज्याराज्यांत निरनिराळी राहिली : महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, आंध्र प्रदेश व तेलंगणात अनुसूचित जमाती. सवलतींच्या दृष्टीने विभागलेल्या ह्या समाजाला एक ठेवणारी नावे थोडी आहेत व त्यांत सेवालालांचे नाव पहिले आहे. पोहरादेवीच्या गादीचे महंत रामराव महाराज (निधन ३० ऑक्टोबर २०२०) यांना ह्या सर्व राज्यांतून मान्यता होती. सेवालालांच्या भाऊबंदांकडे पूजेचा अधिकार गेल्याचे मॅकेंझीने लिहिले होते. ती परंपरा त्यांच्यापर्यंत अखंड चालत आली होती.

वाशीम हा जिल्हा इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत होता; त्यानंतर त्याचे क्षेत्र शेजारच्या जिल्ह्यांत विलीन झाले आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून तो पुन्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याच्या नकाशावर पोहरादेवीला स्वाभाविकपणे महत्त्वाचे स्थान मिळाले. येथील नंगाऱ्याच्या आकाराच्या संग्रहालयाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले व ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘बंजारा विरासत’ संग्रहालय म्हणून त्याचे उद्घाटन झाले. चार मजली इमारतीतील तेरा दालनांत समाजाचा इतिहास, वेशभूषा व नायकांची चित्रे मांडलेली आहेत. किमोनच्या मिरवणुकीची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. शासन, पक्ष व पुढारी यांना आता हा वीर हवासा वाटतो, आणि समाजालाही त्या मान्यतेचे अप्रूप आहे. हे सारे गैर नाही. पण काचेच्या पेटीत भरजरी फेट्या-कांचोळी मांडताना शपथेचा, नसाबाचा व चराईच्या भांडणांचा इतिहास मागे पडण्याचा धोका असतो. संग्रहालयातील सेवालाल शांत व प्रसन्न दिसतात. लोककथेतील सेवालाल पुष्कळ वर्षे देवीशी भांडलेले होते.

रामनवमीची यात्रा मार्च–एप्रिलमध्ये येते. त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे गाळप आटोपत असते व ऊसतोडीला गेलेल्या तांड्यांतील कुटुंबे परतीच्या वाटेवर असतात. सहा महिने पाचटाच्या खोपीत काढलेली ही माणसे ट्रकमधून व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पोहरादेवीला उतरतात. समाधीपुढे नारळ फोडतात, भोग लावतात, मुकादमाची उचल फेडून हाती उरलेल्या पैशांतून नवस पुरा करतात. बरोबर आणलेले आजारी मूल समाधीवर घालण्याची आणि सोयरिकी जुळविण्याची कामेही ह्याच गर्दीत उरकली जातात. मग तांडा पुन्हा वाटेला लागतो.